‘बायको तिथे काहीतरी करेलच’ या वाक्याबद्दल आधी बोलू

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. वय 34, पिंपरीत एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये 11 वर्षं, पॅकेज 26 लाख. जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या, गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या एका सप्लायर कंपनीची वर्षाला 62,000 युरोची ऑफर हातात आहे आणि उत्तर द्यायला दहा दिवस आहेत. पत्नी डेंटिस्ट, चिंचवडला स्वतःचं क्लिनिक, त्याला चार वर्षं झाली, खुर्ची आणि एक्स-रे मशीनचे हप्ते अजून चालू. मुलगी साडेचार वर्षांची. आईवडील साताऱ्याला, वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली. आणि तुम्ही विचारलंय एवढंच की 62 हजारात तिघांचं भागेल का, आणि पुण्यातला फ्लॅट विकावा की भाड्याने द्यावा.

भागेल. फ्लॅट विकू नका. झालं, दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. पण तुमच्या लिहिण्यात मध्येच एक वाक्य येऊन गेलंय, ‘बायको तिथे काहीतरी करेलच’, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

मी पुण्याहून 2011 साली इथे आलो. जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना, सुरू झालं ते 2012 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मी त्याच्याही आधीचा. गेली सात-आठ वर्षं आमच्या टीमसाठी मुलाखती घेतो, आणि निवड झालेल्या भारतीय मुलांना घर शोधण्यापासून ते पहिल्या टॅक्स रिटर्नपर्यंत हाताला धरून नेण्याचं कामही आपोआप माझ्याकडे आलंय. त्यात परत गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पगार पुरला नाही म्हणून गेलेलं त्यात एकही नाही. नवरा ऑफिसात रमलेला असतो, आणि बायको मंगळवारी सकाळी दहा वाजता मुलाला किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, सोडून आल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत असते की आता काय. परत जाण्याची सुरुवात बहुतेक तिथे होते. हे मी दुसऱ्यांबद्दल शहाणपणाने सांगत नाहीये. माझी बायको ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. ‘काहीतरी करेलच’ हे वाक्य मीही सासूबाईंना याच आत्मविश्वासाने ऐकवलं होतं. पुढची अडीच वर्षं ती घरात बसली होती, आणि त्यातली पहिली दोन मला ते दिसलंही नाही. आज ती एका प्रयोगशाळेत नोकरी करते, बरं चाललंय, पण ते माझ्यामुळे नाही.

आधी पैशाचं उरकतो, म्हणजे तो विषय डोक्यातून जाईल.

62,000 ला शंभराने गुणून 62 लाख करू नका. सगळे करतात, तुम्हीही केलं असणार. इथे खर्चही युरोतच होतो. 2025 च्या दरांनी 62,000 वर एकट्या माणसाच्या, म्हणजे पहिल्या टॅक्स वर्गात, महिन्याला साधारण 3,200 युरो हातात येतात. कुटुंब इथे राहायला आलं आणि पत्नीला कमाई नसली की तुम्ही तिसरा वर्ग घेऊ शकता, मग साधारण 3,600. शिवाय मुलीचे ‘किंडरगेल्ड’, म्हणजे मुलामागे मिळणारा सरकारी भत्ता, 2025 मध्ये महिना 255 युरो. आरोग्य विमा पगारातूनच कापला जातो, आणि सरकारी विम्यात पत्नी आणि मुलगी वेगळा हप्ता न भरता येतात. खासगी विमा विकणारे एजंट तुम्हाला शोधत येतील. तुमचा पगार त्यासाठीच्या मर्यादेच्या (2025 मध्ये 73,800) खाली आहे, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही. फोन ठेवून द्या.

खर्चात सगळ्यात मोठं घरभाडं. स्टुटगार्ट परिसरात तिघांना पुरेल अशा घराचं भाडं हीटिंग वगैरे धरून 1,400 ते 1,700 पर्यंत जातं. जाहिरातीत ‘काल्टमीटे’ लिहिलेलं असतं ते नुसतं भाडं. तुम्ही बघायचं ते ‘वार्ममीटे’, ज्यात हीटिंग, पाणी, जिन्याचा दिवा असं सगळं आलं. त्यातही वीज आणि इंटरनेट बऱ्याचदा वेगळं असतं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत मागू शकतात. आणि रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं: ओटा नाही, सिंक नाही, छताला दिव्यांऐवजी लोंबणाऱ्या वायरी. पहिलं घर पाहिलं तेव्हा मला वाटलं इथे चोरी झालीय. स्वयंपाकघर आधीच्या भाडेकरूकडून विकत घेता येतं, जाहिरातीत तशी सोय आहे का बघा. तर किराणा, प्रवास, किटाची फी, फोन, टीव्ही-रेडिओची सक्तीची वर्गणी (घरटी महिना 18.36, टीव्ही नसला तरी) असं सगळं जाऊन एका पगारात तिघांचं नीट चालतं. मागे फार उरत नाही. पुण्यात तुमच्या दोघांच्या कमाईतून जेवढी शिल्लक पडते तेवढी पहिल्या दोन वर्षांत इथे पडणार नाही, हे मात्र आत्ताच एकमेकांना सांगून टाका.

व्हिसाचंही तुमच्या बाबतीत फार काही नाही. ब्लू कार्डासाठी पगाराची अट 2025 मध्ये 48,300 होती, इंजिनिअरांसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांना सुमारे 43,760. तुम्ही दोन्हीच्या वर आहात. तुमचं विद्यापीठ आणि तुमची पदवी ‘अनाबिन’ या जर्मन डेटाबेसमध्ये कशी नोंदवलेली आहे ते आज रात्रीच तपासा. नोंद स्पष्ट असेल तर त्याचा प्रिंट पुरतो, नसेल तर बॉनच्या कार्यालयाकडून तुलनेचं प्रमाणपत्र मागवावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. ब्लू कार्डवाल्याच्या पत्नीला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि इथे आल्यावर कुठलीही नोकरी करायची मुभा असते. माझ्या वेळी बायकोला पुण्यात मॅक्समुल्लर भवनात ए1 (भाषेची सगळ्यात पहिली पातळी; पुढे ए2, बी1, बी2, सी1) पास होऊनच यावं लागलं होतं. आता ती अट नाही म्हणून लोक खूश होतात. मला वाटतं त्या अटीने आमचं भलंच झालं. निदान पहिल्या दिवशी बेकरीत ती पाव मागू शकली.

एक गोष्ट ठळक करून सांगतो: पासपोर्टवर व्हिसा चिकटेपर्यंत पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. तुमचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल आणि जर्मन कंपनी घाई करत असेल, तरी नाही. भारतातला नोटीस पिरियड किती लांब असतो हे इथल्या एचआरला माहीत असतं.

आता क्लिनिककडे येऊ.

तुमच्या पत्नी सॉफ्टवेअरमध्ये असत्या तर मी म्हटलं असतं की जाऊ द्या, वर्षभरात इंग्रजीवर काहीतरी मिळेल. डेंटिस्टचं तसं नाही. दातांच्या डॉक्टरला इथे ‘आप्रोबात्सिओन’ लागतं, म्हणजे व्यवसाय करण्याचा सरकारी परवाना, आणि युरोपबाहेरच्या पदवीला तो आपोआप मिळत नाही. रस्ता असा आहे. आधी जर्मन भाषा, रोजच्या वापराच्या भाषेची बी2 पातळी. मग डेंटिस्टांच्या संघटनेकडे होणारी व्यावसायिक भाषेची परीक्षा, सी1 पातळीची: पेशंटची चौकशी, नोंद लिहिणं, सहकाऱ्याला केस समजावून सांगणं, सगळं जर्मनमध्ये. दुसऱ्या बाजूने बीडीएसचा अभ्यासक्रम जर्मन अभ्यासक्रमाच्या तोडीचा आहे का हे तपासलं जातं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात हे काम स्टुटगार्टचं रेगिरुंग्सप्रेझिडियुम हे सरकारी कार्यालय बघतं. भारतीय पदवीला बहुधा ‘फरक आहे’ असं उत्तर येतं, आणि मग ‘केन्टनिसप्र्यूफुंग’ द्यावी लागते. ती ज्ञानाची परीक्षा, त्यात प्रात्यक्षिकही. दरम्यान भाषा झालेली असेल तर ‘बेरूफ्सएर्लाउबनिस’ हा तात्पुरता परवाना मिळू शकतो, जास्तीत जास्त दोन वर्षांचा, दुसऱ्या डेंटिस्टच्या देखरेखीखाली काम करण्यासाठी.

याला किती वेळ लागतो? हे माणसागणिक बदलतं. भाषा कुठून सुरू केली, घरी लहान मूल आहे का, कागद किती लवकर जमले, परीक्षेची तारीख कधी मिळाली. मी जवळून पाहिलेल्यांना शून्य जर्मनपासून पूर्ण परवान्यापर्यंत तीन वर्षांच्या आत कोणीही नेलेलं नाही. एकीला सव्वाचार लागली, त्यात मध्ये बाळंतपण होतं. पण परवाना मिळाल्यावर नोकरीसाठी वणवण कोणालाच करावी लागली नाही. विशेषतः शहराबाहेरच्या छोट्या गावांत म्हातारे डेंटिस्ट आपलं क्लिनिक कोणीतरी चालवायला घ्यावं म्हणून वाट बघत बसलेले असतात.

म्हणून ‘काहीतरी करेलच’ याच्या जागी नेमकं काय लिहायचं, ते दोघांनी मिळून ठरवा. मला तीन पर्याय दिसतात. एक, डेंटिस्टच राहायचं आणि वर सांगितलेला तीन-चार वर्षांचा रस्ता धरायचा. दोन, दातांचं सोडून मेडिकल डिव्हाइस किंवा क्लिनिकल ट्रायल्सच्या कंपन्यांत शिरायचं. तिथे परवाना लागत नाही, पण जर्मनशिवाय फार कमी जागा आहेत. तीन, काही वर्षं नोकरी करायची नाही, मुलीकडे बघायचं. तिसराही चालतो, त्यात कमीपणा काही नाही. पण तो त्यांनी स्वतः निवडलेला असावा. चार वर्षं स्वतःच्या नावाची पाटी लावून बसलेल्या बाईला तो वाट्याला आला म्हणून स्वीकारावा लागला, तर तिसऱ्या हिवाळ्यात त्याचं बिल तुमच्याकडे येईल.

त्या पहिला पर्याय निवडतील असं धरून पुढे लिहितो, कारण तयारी त्यालाच सगळ्यात जास्त लागते.

माझा सल्ला: तुम्ही आधी एकटे या. कुटुंब पाच-सहा महिन्यांनी. हा सल्ला लोकांना आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण कारणं ऐका.

पहिलं कारण प्रोबेत्साइट. तुमच्या करारात सहा महिन्यांचा परीक्षाकाळ असेल, आणि त्यात कंपनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कारण न देता काढू शकते. सहा महिने झाले की नोकरीला कायद्याचं बरंच संरक्षण मिळतं. एरवी मी याचा बाऊ केला नसता, पण तुम्ही गाड्यांच्या सप्लायर कंपनीत येताय आणि त्या उद्योगाची इथे सध्या वाईट हवा आहे. बॉशने 2025 च्या सप्टेंबरमध्ये मोबिलिटी (गाड्यांच्या भागांच्या) विभागातून 13,000 नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं, झेडएफ या दुसऱ्या मोठ्या सप्लायरने त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीत 2028 पर्यंत 14,000 पर्यंत. सॉफ्टवेअरवाल्यांना मेकॅनिकलवाल्यांपेक्षा धोका कमी, एवढं म्हणू शकतो. बेकारी भत्त्यासाठी आधीच्या 30 महिन्यांत 12 महिने वर्गणी भरलेली असावी लागते, म्हणजे पहिल्या वर्षात नोकरी गेली तर खाली जाळी नाही. दुसरी नोकरी शोधायला ब्लू कार्डावर सुरुवातीच्या काळात साधारण तीन महिने मिळतात. तुम्ही एकटे असाल तर तीन महिन्यांत दुसऱ्या शहरात उडी मारता येते. बायको-मुलगी, भाड्याचं घर, नुकतंच विकत घेतलेलं स्वयंपाकघर घेऊन ती मारता येत नाही. आणि तोवर चिंचवडचं क्लिनिक बंद केलेलं असलं, तर मग बोलायलाच नको.

दुसरं कारण घर. इथे घरमालक पगाराच्या तीन स्लिपा मागतो आणि ‘शूफा’, म्हणजे उधारीचा इतिहास, मागतो. नवीन माणसाकडे दोन्ही नसतं. पहिले दोन-तीन महिने कंपनीने दिलेल्या किंवा तात्पुरत्या घरात काढावे लागतात. ते घर घेताना एकच गोष्ट पक्की करा: त्या पत्त्यावर ‘आन्मेल्डुंग’ करता येते का. राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते, आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ती नोंद झाली नाही की टॅक्स नंबर येत नाही, टॅक्स नंबर नसला की पगार सगळ्यात वाईट टॅक्स वर्गात कापला जातो, पुढचं सगळंच अडतं. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने सुंदर, स्वस्त, सामानासह घर घेतलं आणि नंतर कळलं की मालक सहीच देत नाही. दीड महिना गेला.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते सहा महिने तुमच्या पत्नींचे आहेत. क्लिनिक चालू ठेवून, संध्याकाळी किंवा ऑनलाइन, त्या पुण्यातच जर्मन शिकू शकतात. इथे इंटिग्रेशन कोर्समध्ये बी1 पर्यंत 600 तासिका धरतात, यावरून आवाका कळेल. पेशंट सांभाळून सहा महिन्यांत बी1 होईल असं मी म्हणणार नाही, पण ए2 पूर्ण आणि बी1 निम्मं झालं तरी इथलं एक वर्ष वाचतं. शिवाय कागद. समतुल्यता तपासणीसाठी बीडीएसच्या प्रत्येक वर्षाचा विषयवार अभ्यासक्रम आणि तासिकांचा तपशील लागतो. तो कॉलेजकडून आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून मिळवायचा म्हणजे स्वतः जाऊन टेबलासमोर उभं राहावं लागतं. जर्मनीत बसून ईमेलवर हे होत नाही, होत असेल तर मला कळवा. इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि क्लिनिकच्या अनुभवाचा कागदही याच वेळी करून घ्या. राज्य डेंटल कौन्सिलचं ‘गुड स्टँडिंग’, म्हणजे तुमच्यावर कारवाई नसल्याचं प्रमाणपत्र, मात्र सगळ्यात शेवटी काढा. ते ताजं लागतं, महिन्यांपूर्वीचं चालत नाही. भाषांतर इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्या, तिथलं बऱ्याचदा नाकारतात.

क्लिनिक बंद करण्याऐवजी ओळखीच्या एखाद्या डेंटिस्टला भागीत किंवा भाड्याने चालवायला देता येईल का, हेही या सहा महिन्यांत करून बघता येईल. हप्ते त्यातून निघत राहिले तर फारच उत्तम. हे कितपत जमेल ते तुमच्या पत्नींनाच ठाऊक. चिंचवडच्या डेंटिस्टांचं गणित मला कळत नाही.

वेगळं राहण्याची किंमत आहे, ती लपवत नाही. पहिल्या टॅक्स वर्गामुळे महिना चारशे युरो कमी, दोन घरांचा खर्च, आणि साडेचार वर्षांची पोर रोज फोनमध्ये ‘बाबा कधी येणार’ विचारणार. आजी-आजोबा साताऱ्याहून काही महिने चिंचवडला येऊन राहू शकत असतील तरच हा बेत करा. पत्नी एकट्या क्लिनिक, मुलगी आणि जर्मन तिन्ही ओढणार असतील, तर मी सगळ्यांनी एकदमच या म्हणेन. आणि सहाचे आठ-नऊ महिने होऊ देऊ नका. ‘अजून थोडं सेटल होऊ दे’ म्हणत दीड वर्ष काढलेली माणसंही मी पाहिली आहेत.

मुलीच्या बाजूने बघितलं तर वेळ उत्तम आहे. सहाव्या वर्षी शाळा सुरू होते. त्याआधी किटात एक वर्ष मिळालं तर पहिलीत ती जर्मनमध्ये भांडत असेल. हेच मूल आठव्या-नवव्या वर्षी आलं तर कठीण जातं, कारण या राज्यात चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात, आणि भाषा कच्ची राहिलेलं हुशार मूल चुकीच्या रांगेत जाऊन बसतं. मात्र किटाची जागा मिळणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. वर्षाच्या पुढच्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे आणि जागा नाहीत, दोन्ही एकदम खरं. तुमची आन्मेल्डुंग झाली त्याच आठवड्यात नाव नोंदवा, मुलगी अजून यायची असली तरी. आणि नोंदवून गप्प बसू नका, दर महिन्याला किटाच्या बाईंना नम्र ईमेल करा. आमचा नंबर लागला तो चौथ्या ईमेलनंतर.

आईवडिलांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण ती ओळ लिहिताना हात थांबला असणार. कायद्याने एक दार उघडलंय: 1 मार्च 2024 नंतर पहिल्यांदा ब्लू कार्डसारखा परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना राहायला आणता येतं. कागदावर. खर्चाची हमी आणि पूर्ण आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि अँजिओप्लास्टी झालेल्या अडुसष्ट-सत्तरच्या माणसाला तो विमा कोण देणार? म्हणून ते आपले तीन महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर उन्हाळ्यात येतील, असंच धरून चाला. त्यांच्यासाठी साताऱ्यातच व्यवस्था लावा. एक माणूस, भाऊ असो, चुलतभाऊ असो, पगारी मदतनीस असो, ज्याला रात्री दोनला फोन करता येईल. वडिलांसोबत जॉइंट खात्यात दवाखान्याचे पैसे. पॉलिसीचे कागद आणि डॉक्टरांच्या फाइलचे फोटो तुमच्या फोनमध्ये. इथून साताऱ्याच्या दारात पोहोचायला फ्रँकफर्ट-मुंबई थेट विमान मिळालं तरी जवळपास एक दिवस जातो. तो एक दिवस तुमच्याशिवाय कसा निभेल, एवढंच आधी ठरवायचं.

फ्लॅट विकू नका म्हटलं, कारण पहिली दोन वर्षं परतीचा रस्ता शाबूत ठेवावा असं मला वाटतं. भाड्याने द्या. तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूने भाड्यातून 31.2 टक्के टीडीएस कापायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना आणि एजंटांना हे माहीत नसतं, करारातच लिहून घ्या. जास्तीचा कापलेला कर रिटर्न भरून परत मिळतो. बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्या, पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. फ्लॅटचं मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी पुण्यातच करा. नंतर वकिलातीच्या अपॉइंटमेंटसाठी सुट्टी घालवावी लागते.

या दहा दिवसांत कंपनीला काय विचारायचं तेही सांगतो. पगारावर दोन हजारांची घासाघीस करण्यापेक्षा या गोष्टी मिळवा. करार कायम आहे की मुदतीचा? मुदतीचा असेल तर माझा एकूण सल्ला ‘नको’ असा होईल, कारण चार वर्षांचं क्लिनिक दोन वर्षांच्या कागदासाठी पणाला लावू नये. काम त्याच कंपनीत करायचंय की ती तुम्हाला दुसऱ्या कंपनीला उसना देणार आहे? अशा उसनवारीत एका ठिकाणी साधारणपणे 18 महिनेच राहता येतं, आणि मंदीत पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. सुरुवातीचं तात्पुरतं घर कंपनी देते का, आन्मेल्डुंगसह? कुटुंबाची तिकिटं सहा महिन्यांनी काढली तरी देणार का? आणि पत्नीच्या जर्मन कोर्सचे पैसे. हे शेवटचं मागायला भारतीय उमेदवार लाजतात. आमच्याकडे ज्यांनी मागितलं त्यांना बहुतेक वेळा मिळालं, कारण कंपनीच्या हिशेबात ती रक्कम किरकोळ असते.

तुम्ही स्वतःही जर्मन सोडू नका. ऑफिसात इंग्रजी चालेल, पण बी1 असेल तर ब्लू कार्डावर 21 महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, ए1 वर 27 महिन्यांत. शिवाय हा श्वाबेन लोकांचा प्रदेश आहे. इथे इमारतीत आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा आणि पुसायचा असतो. त्याला ‘केरवोखे’ म्हणतात, आणि त्या शब्दात आपला केर कसा शिरला हे मला 14 वर्षांत कळलेलं नाही. तुमच्या पाळीला पायरीवर धूळ राहिली तर खालच्या मजल्यावरच्या आजी सांगायला येतात, आणि त्या इंग्रजीत सांगत नाहीत.

तर माझं मत: करार कायमचा असेल, पत्नींना हा तीन-चार वर्षांचा रस्ता खरंच चालायचा असेल, आणि साताऱ्यात रात्री दोनचा फोन उचलणारा माणूस असेल, तर हो म्हणा आणि आधी एकटे या. यातली मधली गोष्ट तुम्ही त्यांच्या वतीने ठरवू शकत नाही. हे उत्तर त्यांना वाचायला द्या. माझी बायको स्टुटगार्टमध्ये परवाना मिळवलेल्या दोन मराठी डेंटिस्टांना ओळखते. त्या कुठल्या कोर्सला गेल्या, परीक्षेत काय विचारलं, मुलं कोणाकडे ठेवली, हे त्यांनाच विचारलेलं बरं. तुमच्या पत्नींनी स्वतः लिहिलं तर ओळख करून देईन.